तेल्याचा ढोल

पूर्वी कासवती नदीच्या काठी शंखपूर नावाचे नगर होते. तेथे धृतिवर्मा राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रिल. वडील गेल्यावर घाणा त्याच्या हाती आला आणि धाकटा भाऊ पिंगल त्याच्या जोडीला उभा राहिला.

त्यांच्या घाण्याचे तिळाचे तेल नावाजलेले होते. ते दुकानात मांडून विकत नसत. तेल विकायला बायका होत्या. पहाटे घडा भरायचा, डोक्यावर घ्यायचा आणि आपापल्या आळीत जायचे. दारात बसायचे, पाणी प्यायचे, सुनेची चौकशी करायची, मग पळीने तेल मापून द्यायचे. उठताना विचारायचे, "मागच्या खेपेचे कसे लागले?" कोणी म्हणे, चांगले. कोणी म्हणे, जरा कडसर होते. कडसर म्हटले की ते शब्द त्याच दिवशी भद्रिलच्या कानी जात आणि तो घाणा थांबवून तीळ पाहायला बसे.

या बायकांत मांडवी सर्वांत जुनी. पिंगलला तिने अंगाखांद्यावर खेळवलेले होते. म्हणून ती त्याला शेट म्हणत नसे.

पिंगल हुशार होता, कष्टाळूही होता. पण त्याला उशीर सोसत नसे. आळीच्या तोंडाशी उभा राहून तो पाही, तर मांडवी एका ओट्यावरून हललेली नसे. एकदा कोणाच्या मुलीचे लग्न ठरत नव्हते आणि मांडवी मुलगा सुचवीत बसली होती.

"मावशी, तेल विकायला पाठवले आहे तुला," तो म्हणाला.

"तेच करते आहे."

"हे तेल विकणे?"

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून असेच विकते. तुझी खीर त्यातूनच झाली."

पिंगल तोंड वळवून निघून गेला.

त्या वर्षी नगरात कुस्त्या झाल्या. आखाड्यावर एका माणसाने ढोल वाजवला आणि घटका भरायच्या आत सारे नगर तिकडे लोटले. पिंगल कुस्ती पाहायला गेला होता. त्याने कुस्ती पाहिलीच नाही, ढोलाकडे पाहत राहिला. घरी येऊन त्याने भावाला सांगितले.

"दादा, बायका आळीआळी फिरतात आणि दिवस घालवतात. एक ढोल बाजारात ठेवू. पुढच्या टेकडीवर दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. इथे वाजला की तिथे वाजेल. साऱ्या खोऱ्याला कळेल की तेल आले. जिथे आपली एकही बाई कधी पोचली नाही, तिथली माणसे चालत येतील."

बोधिसत्त्वाने विचार केला. मग म्हणाला, "येतील. ढोल चांगला आहे. पण तो बोलेल, ऐकणार नाही. ऐकायला कोण ठेवशील?"

"ऐकायचे काय त्यात? तेल संपले की गिऱ्हाईक येते."

"बायकांना काढू नकोस."

"काढत नाही. अंगणात बसवतो. घड्यांची तोंडे लाखेने बंद करायला माणसे लागतीलच."

बोधिसत्त्वाने होकार दिला. भावाला हात मोकळा मिळावा असे त्याला वाटले. बायका अंगणात बसल्या. मांडवी बसली नाही. "मी माणसांत बसणारी," ती म्हणाली, "लाख वितळवायला दुसरी कोणी बघ." आणि ती आपल्या घरी गेली. तिला परत बोलवायला कोणी गेले नाही.

ढोल वाजवायला कर्कट नावाचा माणूस मिळाला. बुटका, छाती पिंपासारखी. तेलासाठी त्याने वेगळाच ठेका बसवला, ऐकला की पाय आपोआप हलत. बाजारातल्या ढोलाशेजारी तो ओरडून सांगेही, "ताजे तेल आले हो, भद्रिलच्या घाण्याचे!" पण शब्द पहिल्या टेकडीपर्यंतच पोचत. पुढे जाई तो नुसता ठेका. तेवढा पुरे होता. खोऱ्यातली लहान मुलेसुद्धा तो ओळखू लागली. ठेका ऐकला की बाया कडोसरीला पैसे खोचत आणि रिकामे घडे घेऊन बाजाराची वाट धरत.

धंदा वाढला. खोऱ्याच्या टोकाला, डोंगराच्या पलीकडे शिलाग्राम नावाचे गाव होते. तिथून लोक येऊ लागले आणि सर्वांहून जास्त घडे नेऊ लागले. पिंगल घरी जेवताना शिलाग्रामचे कौतुक सांगे. "दादा, तिथे आपण पाय ठेवला नाही, आणि बघ." खरेच होते ते. अभिमान वाटण्यासारखेच होते.

मग नवान्नाचा सण जवळ आला. त्या दिवशी खोऱ्यात घरोघर तळण असे. नव्या तांदळाचे वडे, गुळाच्या घाऱ्या. त्यासाठी नवा घडा आणायचा, त्याची लाख सणाच्या दिवशीच फोडायची आणि तळणाचा पहिला घाणा देवापुढे ठेवायचा, अशी रीत होती. सणाची कढई कोरडी राहणे फार अशुभ मानत. घडे आधीच घरोघरी जाऊन पोचले होते.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी घाण्याचा बैल वाट चुकला. ज्या फेऱ्यात तो जन्मभर फिरला त्या फेऱ्यात तो अडखळला, खांबावर आपटला आणि हंबरत पाण्याकडे धावला. पाणी पिऊनही त्याची तहान भागेना. बोधिसत्त्वाने त्याचे तोंड हातात धरून डोळे पाहिले. बुबुळे सगळी काळी झाली होती.

"याने काल काय खाल्ले?"

"रोजचीच पेंड," पिंगल म्हणाला.

बोधिसत्त्व कोठारात गेला. ती पेंड ज्या खेपेची होती, तिचे तीळ नव्या शेतातले होते. पडीक रान मोडून पेरलेले. त्याने सुपात तीळ घेऊन पाखडले. तिळांत चपटे, पिवळट बी निघाले. धोत्र्याचे.

पिंगल सुपावर वाकला. ते तेल कुठे गेले हे त्याला विचारावे लागले नाही. सणासाठी भरलेले सगळे घडे त्याच खेपेचे होते. उद्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरात त्याच तेलात वडे तळले जाणार होते, आणि आधी खाणार होती ती लहान मुले.

"दादा," तो म्हणाला, "ढोल वाजवू. म्हणू, याहून सुगंधी तेल आले आहे, जुने घडे परत आणा, बदलून देतो. धोत्र्याचे नाव काढायचे नाही. नाव निघाले तर हा घाणा गेला."

"सुगंधी तेलासाठी कोण आज चालत येईल? ज्याला सवड आहे तो. ज्याला नाही तो उद्या तळेल." बोधिसत्त्वाने सूप खाली ठेवले. "जे आहे तेच सांग."

"आणि बदलून देणार काय? चांगले तेल उरले आहे ते राजवाड्याच्या दिव्यांचे. उद्या संध्याकाळी तिथे द्यायचे आहे."

"ते द्यायचे."

"राजवाड्याचे?"

"दिवे विझले तर कोणी मरत नाही, पिंगल. जा."

पिंगल धावत बाजारात गेला. कर्कटला त्याने सगळे सांगितले. कर्कट ढोलावर तुटून पडला आणि गळ्याच्या शिरा फुगवून ओरडू लागला, "तेल खाऊ नका! घडा उघडू नका! तेलात धोत्रा आहे!" बाजारातल्या माणसांनी ऐकले आणि ती घरी पळाली. तिकडे टेकडीवरचा ढोल वाजला. मग पलीकडचा. ठेका खोरेभर गेला. पिंगलला जरा धीर आला. घडे परत येतील म्हणून तो नदीच्या उतारावर जाऊन उभा राहिला.

दुपारी उतारावर बायांची रांग दिसली. डोक्यावर घडे. पिंगल पाण्यात शिरून पुढे गेला. घडे रिकामे होते.

"काय शेटजी, नवा माल आला ना?" पुढची बाई म्हणाली. "ढोल ऐकला आणि निघालो. आमच्या नणंदेने तर सणासाठी ठेवलेल्या घड्याची लाख आजच फोडली. म्हणाली, ताजे येतेच आहे."

"फोडली? अहो, ते तेल खाऊ नका! त्यात विष आहे!"

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. "तेल घेऊ नका म्हणणारा तेली आज पाहिला," एक म्हणाली. "भाव चढवायचा असेल," दुसरी म्हणाली. पिंगलने हात जोडले, तशा त्या अधिकच हसल्या. त्याचे डोळे भरलेले दिसले तेव्हा कुठे पुढची बाई घडा उतारावर टाकून नणंदेचे नाव घेत माघारी धावली.

पिंगल कर्कटकडे परत आला. "थांबव! तू त्यांना बोलावतो आहेस!"

कर्कट थांबला. घामाने निथळत होता. "मग दुसरा कोणता ठेका वाजवू? आग लागल्याचा वाजवला तर पाणी घेऊन येतील. शत्रू आल्याचा वाजवला तर रानात पळतील, तेलाचा घडा बरोबर घेऊन. 'खाऊ नका' असा ठेका मला कोणी शिकवला नाही, शेट. तुम्ही कधी सांगितलाही नाही."

खरे होते. इतक्या दिवसांत त्या ढोलाने एकच गोष्ट सांगितली होती: या आणि घ्या.

पिंगल मांडवीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ढोल फुटला वाटते."

"मावशी, माझे चुकले ते मागाहून बोल. आधी ऐक." आणि त्याने सांगितले.

मांडवीच्या हातातली भाजी खाली पडली. ती तशीच उठली आणि पदर खोचला. "माझ्या आळ्या मी बघते. बाकीच्या बायका अंगणात आहेत त्यांना उठव. पण सगळ्या दारी माझे चालणार नाही, पोरा. मी घरी बसले त्याला किती दिवस झाले. घरोघर नव्या सुना आल्या आहेत, त्या मला ओळखत नाहीत."

"मग?"

"मग त्यांच्या सासूला सांगेन. ती माझे ऐकेल, सून तिचे ऐकेल. आणि प्रत्येकीला सांगेन की माहेरी निरोप धाड. खोऱ्यातल्या गावांतूनच आल्या आहेत ना त्या?"

असे ते सुरू झाले. घरातून घरात, विहिरीवरून विहिरीवर. ज्या गावी सासू होती तिथे सासू, जिथे बहीण होती तिथे बहीण. मागून बोधिसत्त्व गाडीत राजवाड्याचे तेल घालून गावोगाव जाई आणि घड्याला घडा देई. ढोल ऐकून ज्यांनी घडे उघडले होते, त्यांच्याकडे तो आधी गेला. काही जणांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या, एक म्हातारा भिंतीशी बोलत बसला होता. त्यांना ओकायला लावले आणि ते वाचले. कोणी शिव्या दिल्या, त्या त्याने खाली मान घालून घेतल्या.

सणाचा दिवस उजाडला तोवर खोऱ्यातली सगळी गावे झाली होती. राहिले शिलाग्राम. पिंगलने मांडवीला विचारले, "तिथे तुझे कोण आहे?"

"कोणी नाही. तिथे आपली बाई कधी गेलीच नाही. तुझे कोण आहे?"

पिंगलने आठवून पाहिले. सर्वांहून जास्त तेल त्या गावाने नेले होते. त्या गावातल्या एकाही माणसाचे नाव त्याला येत नव्हते.

दोघे भाऊ गाडी जुंपून निघाले. चढ उभा होता. दुपार कलली तेव्हा ते गावात शिरले. दारापुढे सडे घातले होते, अंगणात चुली मांडल्या होत्या, कढया वर चढत होत्या. लाख फोडल्याचा आवाज एका दारातून येत होता. मुले कढईभोवती गोल करून बसली होती.

पिंगल गाडीतून उडी मारून ओरडत सुटला. माणसे जमली. गावचा म्होरक्या वसुक पुढे आला. उंच, सुकलेला, डोळे बारीक करून पाहणारा.

"तू तो ढोलवाला ना?" वसुक म्हणाला.

"हो. ते तेल खाऊ नका. त्यात धोत्रा आहे. हे घ्या, चांगले तेल आणले आहे. घड्याला घडा."

"फुकट?"

"फुकट."

वसुकने गाडीभोवती एक फेरी मारली. "फायदा असल्याशिवाय तेली डोंगर चढत नाही. आजवर तू आमच्याकडे आला नाहीस. आम्ही मेलो की जगलो, विचारले नाहीस. आज सणाच्या दिवशी, कढई चढल्यावर येतोस आणि म्हणतोस, तुमचे घडे द्या. आमच्या घड्यांत काही भारी तेल चुकून आले असेल, ते तुला परत हवे. किंवा या तुझ्या घड्यांतच काही असेल. मी कशावर विश्वास ठेवू?"

"माझ्यावर ठेवा."

"तुझे नाव काय?"

पिंगलने नाव सांगितले.

"आज कळले," वसुक म्हणाला. "माझे नाव तुला माहीत आहे?"

लोक हसले. मागे कोणी तरी म्हणाले, "चला, तळण आटपा, पोरे भुकेली आहेत."

पिंगलच्या मनात आले की आता एकच उपाय आहे. शेजारच्या चुलीपाशी लाख फोडलेला घडा होता, त्यात पळी होती. त्याने त्या पळीकडे पाहिले. बैलाचे काळे डोळे त्याला दिसले. हात उचलला नाही. पुढे जन्मभर त्याला तो न उचललेला हात आठवत राहिला.

बोधिसत्त्व गाडीतून उतरला. चुलीपाशी बसलेल्या बाईला म्हणाला, "ताई, तुमचे नाव?"

"सुरभी," ती म्हणाली.

"सुरभीताई, हे तेल माझ्या घाण्याचे आहे. तीळ मी पाहायला हवे होते, पाहिले नाहीत. ही पळी घेतो. मला काय होते ते पाहा, तोवर मुलांना काही देऊ नका. तेवढा वेळ थांबा. दुसरे काही मागत नाही."

त्याने पळीभर तेल घेतले आणि प्याला. पिंगल "दादा!" म्हणून धावला तोवर पळी रिकामी झाली होती.

मग तो ओट्यावर बसून राहिला. गाव उभे होते. कढया खाली उतरल्या नाहीत, पण वडेही पडले नाहीत. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितले. पुन्हा मागितले. त्याचा चेहरा लाल झाला. उन्हे उतरली तेव्हा तो हवेतले काही तरी चिमटीने वेचू लागला, जणू सुपातले बी वेचतो आहे. पिंगलने त्याला मिठी मारली. त्याने पिंगलला ओळखले नाही. दूर ढकलले आणि समोर येईल त्याला हात जोडून म्हणू लागला, "मावशी, तेल ओतून टाका. मामा, तेल ओतून टाका. पोरांना देऊ नका." आपले नाव विसरला, भाऊ विसरला, एवढे मात्र विसरला नाही.

सर्वांत आधी सुरभी उठली. तिने कढई उचलली आणि उकिरड्यावर उपडी केली. मग शेजारणीने. मग आळीने. वसुक उभाच होता. त्याने स्वतःचा घडा आणला, दगडावर आपटला आणि बोधिसत्त्वाचे पाय धरून त्याला आडवे केले. "मिठाचे पाणी आणा," तो ओरडला, "बघत काय उभे राहिलात!" बायांनी मिठाचे पाणी पाजून त्याला ओकायला लावले, डोक्यावर ओली फडकी ठेवली. रात्रभर गाव जागे होते. गाडीतले तेल कोणाला आठवले नाही. शिलाग्रामच्या कढया त्या सणाला कोरड्या राहिल्या. लोकांनी नवा तांदूळ नुसता शिजवला आणि मीठ लावून मुलांना भरवला.

उजाडता उजाडता बोधिसत्त्वाने डोळे उघडले. बुबुळे अजून मोठी होती, पण नजर ठिकाणावर होती. "पिंगल," तो म्हणाला, "कोणी खाल्ले?"

"कोणी नाही, दादा."

"बरे झाले."

पिंगल रडू लागला. वसुक तिथेच बसला होता. तो म्हणाला, "रड नंतर. आधी भावाला पेज पाज. माझ्या घरून आण. तिसरे दार." मग म्हणाला, "दारात माझी आई असेल. तिला ऐकू कमी येते. जवळ बसून बोल."

पिंगल गेला आणि त्या म्हातारीजवळ बसला. तिने त्याला त्याचे गाव विचारले, आई आहे का विचारले, लग्न झाले का विचारले. पेज निवत होती तरी त्याने घाई केली नाही.

राजवाड्यात त्या सणाला निम्मे दिवे लागले. राजाच्या माणसांनी त्या घाण्याचे तेल घेणे बंद केले. बोधिसत्त्वाने ऐकून घेतले आणि बैलाला चारा घालायला गेला. राजवाडा गेला, पण खोऱ्यातले एकही गाव तुटले नाही. ढोल पिंगलने ठेवला. मात्र कर्कटला नवे ठेके बसवायला लावले, थांबा असे सांगणारा एक, आणि तो गावोगाव जाऊन लोकांना आधी शिकवला. बायका पुन्हा आळ्यांत गेल्या. शिलाग्रामला जाणारी बाई नव्हती, म्हणून तिथे घडा डोक्यावर घेऊन पिंगल स्वतः जाई. पळीने तेल मापी, आणि उठताना विचारी, मागच्या खेपेचे कसे लागले.

ही कथा भगवान शास्त्याने एका विहारात सांगितली. तेथे नंदिल नावाचा भिक्षू होता. विहारासमोरच्या गावात ताप पसरला असता तो म्हणाला होता, "मी घंटा वाजवतो. ज्याला धर्म हवा तो येईल. मी दारोदार कशाला जाऊ?" कथा संपवून शास्ता म्हणाला, "तो पिंगल म्हणजे आजचा नंदिल. मांडवी म्हणजे उपासिका सुजंघा, जी आताही तापाने पडलेल्यांच्या घरी आहे, म्हणून इथे दिसत नाही. वसुक म्हणजे पुढच्या रांगेत बसून रोज शंका काढणारा हा गृहस्थ, आणि सुरभी त्याची पत्नी. भद्रिल मीच होतो. ज्याने आपल्याकडून घेतले त्याचे बरेवाईट आपले मानणे, आणि ते विचारायला आपल्या पायांनी त्याच्या दारी जाणे, याला मैत्री म्हणतात. त्या जन्मी मी ती पुरी केली."

नंदिल उठला. त्याने भिक्षापात्र घेतले आणि तो गावाकडे चालू लागला.